गोठा आणि आपण : गाय लाथ मारते तेव्हा



‘कालपर्यंत गरीब होती, आता कासेला हात लावू देत नाही,’ ही गायीची तक्रार गावोगाव ऐकू येते. बहुतेक घरी तिच्यावर दोनच उपाय ठाऊक असतात : काठी, नाही तर बाजार. आज तिसऱ्या उपायाविषयी बोलू.

आधी आमच्या तांबडीची हकीगत सांगते. ती पहिलारू. व्याल्यावर काही दिवस शहाण्यासारखी उभी राहिली, मग एका सकाळी लाथेसरशी बादली उलटली. मला राग आला. दोन रट्टे दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाईंनी खाली बसून सड पाहिले, तर एका सडाला बारीक भेग! मलम लावून भेग बुजली, पण लाथ थांबेना. सासूबाई धारेला बसल्या की तांबडी गप्प उभी राही. मी बसले की पाय उचली. मामंजी म्हणाले, “येत्या बाजाराला नेतो.” तेव्हा मला उमगले, सडाची जखम भरली होती, माझ्या हाताची भीती तशीच होती.

म्हणून गाय लाथ मारू लागली की पहिल्यांदा दुखणे शोधा. सडाला भेग, फोड, गोचीड आहे का पाहा. कास गरम किंवा दगडासारखी कडक लागते का पाहा. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळ्या, रक्त किंवा पू दिसला तर तो कासदाह. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. आपली नखे वाढली नाहीत ना, बोटात अंगठी नाही ना, अंगठा मुडपून धार काढत नाही ना, हेही बघा. अंगठ्याच्या सांध्याने सड दाबला की त्याला इजा होते. पूर्ण मुठीने धार काढावी.

दुसरी गोष्ट भीतीची. कास धुऊन चोळली की मिनिटाभरात गाय पान्हा सोडते आणि तो पाच-सात मिनिटेच टिकतो. गाय भ्याली की पान्हा अडतो. म्हणजे काठीने लाथही थांबत नाही आणि दूधही जाते. पान्ह्यासाठी मनाने इंजेक्शन टोचण्याच्या भानगडीत तर कधीच पडू नका.

विश्वास परत मिळवायला मी असे केले. पहिले काही दिवस धार सासूबाईंनीच काढली, कारण दूध कासेत तुंबू देणे बरे नाही. मी फक्त वैरण-पाणी केले. गायीला थेट मागचे दिसत नाही, म्हणून लांबूनच नावाने हाक मारून बाजूने जवळ जायची. आधी मानेला खरारा, मग पाठीला, मग मांडीला. तिने अंग चोरले की हात तिथेच हलका ठेवायचा, ती सैल झाली की काढून घ्यायचा. शेवटी ओंजळभर पेंड. मग कासेला नुसता हात, मग चार धारा, मग निम्मी कास. रोज तीच वेळ, तीच जागा आणि तोच आवाज. एक दिवस पुन्हा पाय उचलला, तेव्हा मी ओरडले नाही. दोन पायऱ्या मागे आले. दोन आठवडे उलटल्यावर तिने माझ्या हाती पूर्ण दूध दिले. बाजार टळला.

एक सावधगिरी मात्र विसरू नका. गाय एकाएकी अंगावर धावते, सारखी हंबरते, लाळ गळते, गिळता येत नाही, अशी लक्षणे दिसली तर ती पिसाळली असण्याची शंका धरा. कुत्रे चावल्याचे कोणी पाहिले नसले तरीही. तोंडात हात घालू नका, मुलांना दूर ठेवा, डॉक्टरांना कळवा. लाळ अंगाला लागली असेल तर ती जागा साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

घरात कालवड गाभण असेल तर हे सारे विण्याआधी महिना-दीड महिना सुरू करा. रोज अंगावरून हात फिरवा, धारेच्या जागी उभे करा. हाताची ओळख आधीच झाली, म्हणजे पुढे काठी शोधावी लागत नाही.