शनिवारचा दिवा

परवा आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक होती. विषय साधा होता. तिसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. मुलगा बँकेत नोकरीला, बायको शिक्षिका, एक लहान मूल. भाडे मान्य, अनामत मान्य. सगळे जुळत आले होते. तेवढ्यात कोणीतरी विचारले, ‘आडनाव काय म्हणालात?’ एजंटाने आडनाव सांगितले आणि खोलीत शांतता पसरली. ते आडनाव मी इथे लिहीत नाही. आपापल्या सोसायटीत जे आडनाव अडते, ते वाचकांनी तिथे घालून घ्यावे. चहा आला. ‘स्वयंपाकाचा वास’, ‘आपली संस्कृती’ असे दोन-चार शब्द इकडून तिकडे गेले आणि विषय संपला. मीही त्या बैठकीत होतो. मी एक शब्द बोललो नाही.

घरी आलो, पण झोप लागेना. राहून राहून अलिबाग आठवत होते.

माझे लहानपण तिथे गेले. आमच्या भिंतीला भिंत लावून एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. घरातल्या मावशी लुगडे नेसत, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या. कोळणीशी घासाघीस करत त्या आमच्याच बोलीत. फरक जाणवे तो शुक्रवारी संध्याकाळी. सूर्य मावळला की त्यांच्या घरातले काम थांबे. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, दिवा लावायचा नाही. मग सकाळी त्यांचा स्टोव्ह पेटवून देणे आणि दिवेलागणीला विजेचे बटण दाबणे ही कामे माझ्याकडे आली. मोबदला म्हणजे आदल्या रात्रीच्या काळ्या मनुकांच्या सरबताचा एक पेला.

आमची आजी जुन्या वळणाची. ती त्यांच्याकडचे पाणीही घेत नसे. पण शनिवारी मी खेळात रमलो तर तीच ओरडायची, ‘अरे, मावशी अंधारात बसल्या असतील. जा आधी!’

त्या शनिवारचा इतिहास मला पुढे वाचनातून कळला. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांची परंपरा सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. ती कोकणात राहिली, तेल गाळू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावाने त्यांना शनिवार मोडायला लावला नाही. एक नाव दिले आणि तेल दुसऱ्या दिवशी आणले.

त्यांनीही गावाकडून पुष्कळ घेतले. पेणचे पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर. लग्नात मेंदी आली. नवस फेडताना एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा होऊ लागला, तो गोड पोह्यांचा. १८८० च्या सुमारास त्यांच्यात कीर्तने सुरू झाली. आख्यान बायबलातले, थाट मराठी कीर्तनाचा. मला सर्वांत मौज वाटते ती त्यांच्या स्वयंपाकाची. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, हा त्यांचा प्राचीन धर्मनियम. कोकणात आल्यावर त्यावर तोड सापडली नारळाच्या दुधाची. नियम त्यांचा, नारळ आपला. सुंता, शनिवार आणि खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा दंडक त्यांनी सोडला नाही.

मुंबईत १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला मशीदच म्हणत. जवळच्या मस्जिद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. ‘बूट पॉलिश’मधला प्रेमळ जॉनचाचा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो रंगवणाऱ्या नटाचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे आपल्या चौलचेच. आमच्या कार्यकारिणीपुढे हे नाव आले असते तर? ‘चेऊलकर’ ऐकून सर्वांनी माना डोलावल्या असत्या आणि ‘अब्राहम’ ऐकून चहा मागवला असता.

हे सारे गोडगोड होते, असे मला म्हणायचे नाही. आजीचा विटाळ मी वर सांगितलाच. आपल्या जातिभेदाची लागण त्यांनाही झाली होती. ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे दोन तट त्यांच्यात होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नसे. शेजाऱ्याकडून माणूस चांगले घेतो, तसे वाईटही घेतो.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि हळूहळू ही मंडळी तिकडे निघाली. पण गंमत पाहा. ज्या धर्मासाठी त्यांनी शतकानुशतके घाणा बंद ठेवला, त्याच धर्माच्या तिथल्या पीठाला १९६२ साली त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका आली. लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश निघाला. माणसे रस्त्यावर उतरली. १९६४ साली तिथल्या संसदेला जाहीर करावे लागले, की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. मराठी मात्र त्यांनी टाकली नाही. तिकडूनही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

आमच्या मावशीही पुढे मुलांबरोबर गेल्या. त्यांचे एक पत्र आईने बरीच वर्षे जपून ठेवले होते. त्यात लिहिले होते, ‘अलिबागेत आम्हाला इस्रायल म्हणत. इस्रायलात आलो तर हिंदी झालो. माणसाला नाव शेजारीच देतो.’

या वाक्यात मला संस्कृतीचे सगळे शास्त्र दिसते. आपण समजतो, की आपली ओळख आपल्या घरात, आपल्या चार माणसांत सुरक्षित राहते आणि परका आला की ती भ्रष्ट होते. मावशींच्या घरी उलट होते. त्यांचा शनिवार पाळला जायला शनिवार न पाळणारा शेजारी हवा होता. आळीतले सगळेच त्यांच्या धर्माचे असते, तर बटण दाबायला कोणी उरले नसते. आणि मी कोण, हेही मला त्यांच्या दारात उभे राहिल्यावर प्रथम कळले.

माझ्या आजीला सही करतानाही त्रास होई. तिचे सोवळे कडक होते. तरी शेजारी अंधारात बसू नये, एवढे तिला समजत होते. आमच्या कार्यकारिणीत सगळे पदवीधर आहेत, कोणी सोवळे पाळत नाही, आणि एका शिक्षिकेच्या कुटुंबाला आम्ही वासाचे कारण सांगून परत पाठवले. यात संस्कृती कोणाची मोठी, हे सांगायला नको.

फ्लॅट अजून रिकामा आहे. एजंटाचा फोन नंबर मी शोधून ठेवला आहे, आणि आज संध्याकाळी पुन्हा बैठक आहे. या वेळी मी बोलणार आहे. अर्धे आयुष्य आधी एका लहान मुलाला जे काम सहज जमत होते, ते या वयात जमते का, ते पाहायचे आहे.