जुन्या माळवदाचे लाकूड

नांदेडच्या इतवारा भागातले आमचे वडिलोपार्जित घर या उन्हाळ्यात उतरवावे लागले. मागची भिंत सुटली होती. त्या खोलीत मुलांना झोपवण्याची हिंमत कुणालाच होईना. दगड-माती गाडीत भरून गेली आणि अंगणात सागवान उरले: खांब, तुळया, कड्या, फळ्या, दोन नक्षीच्या चौकटी. कबाडी आला, एक फेरी मारली आणि सगळ्याचा एकगठ्ठा भाव सांगितला. भाईजान होकार देणार तेवढ्यात फुफीअम्मा म्हणाल्या, "बेटा, यात माझाही हिस्सा आहे ना? मग मला कुणी विचारलं?"

सगळे गप्प झाले. जागेच्या वाटणीत बहिणींचा हिस्सा निघतो, निदान कागदावर तरी. लाकूड मात्र 'किरकोळ' म्हणून सुटते. मय्यताने मागे ठेवलेल्या मालात शरीअत असे किरकोळ काही मानत नाही. सौदा थांबला. लाकूड नव्या घरात वापरायचे आणि फुफीअम्मांचा हिस्सा किंमत लावून द्यायचा, असे ठरवून आम्ही आर्किटेक्टकडे गेलो.

पहिले नांदेडचेच, अनुभवी. "नवं घर बांधताय, मग जुनं लाकूड कशाला?" त्यांची कारणे खोटी नव्हती. लांबी-जाडी सारखी नसते, आतल्या खिळ्याने आऱ्याचे पाते तुटते, सुतार जास्त मजुरी मागतो आणि उद्या वाळवी निघाली तर घरमालक आर्किटेक्टलाच धरतो. दुसरे लातूरचे, तरुण. ते फारच खूश झाले, पण त्यांना हव्या होत्या फक्त नक्षीच्या चौकटी, दर्शनी भिंतीवर टांगायला. कड्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही. एकाला ते ओझे, दुसऱ्याला शोभेची वस्तू!

लातूरकडच्या लोकांच्या मनात जुन्या घराची धास्ती आहे, ती मात्र आम्हाला समजते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला आणि जवळपास 10,000 माणसे दगावली. पण जीव घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरच्या पांढऱ्या मातीच्या थरांनी. दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून ते थर दीड-दोन फुटांचे झाले होते. अनेक घरांत भिंती ढासळल्या, तरी लाकडी खण उभे राहिले. दोष दगड-मातीच्या ओझ्याचा, आणि भीती मात्र लाकडाच्याही वाट्याला आली.

सगळेच आर्किटेक्ट असे नसतात. केरळात लॉरी बेकर यांनी पाडलेल्या घरांची दारे, खिडक्या, लाकूड आयुष्यभर वापरले, तेही खर्च वाचावा म्हणून. आणि आपल्या सीरतच्या पुस्तकांत तर याहून मोठी गोष्ट आहे. कुरैशांनी काबागृह नव्याने बांधले तेव्हा छतासाठी लाकूड आले जिद्दाच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका रूमी जहाजाचे. हजरे अस्वद बसवण्याचा तंटा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चादरीच्या युक्तीने मिटवला, ते हेच बांधकाम.

शेवटी उपयोगी पडले ते लातूरच्या गंजगोलाईजवळचे एक म्हातारे सुतार. त्यांनी प्रत्येक कडीची टोके आधी तपासली, कारण भिंतीत गाडलेले टोक ओल धरते आणि तेच आधी कुजते. स्क्रू-ड्रायव्हर टोचून सहज आत गेला तर तेवढा भाग कापायचा. हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर घुण समजायचा. खिळे लोहचुंबकाने शोधायचे. स्लॅबचा भार या लाकडावर टाकायचा नाही. चौकटी, दारे, जिना, फडताळ, झोपाळा यांसाठी ते वापरायचे. आम्ही एक भर घालतो: जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते, म्हणून तो घरात, मुलांसमोर कोरडा घासू नका.

पहिले आर्किटेक्ट आता चौकटी आणि जिन्यापुरते तयार झाले आहेत, मात्र वाळवीची जबाबदारी आमची असे त्यांनी लिहून घेतले. फुफीअम्मांनी पैसे नको म्हटले आहे. त्यांना माजघराची चौकट हवी. तिची किंमत त्यांच्या हिश्शापेक्षा जास्त भरते, असे भाईजान म्हणतात. हिशेब अजून चालू आहे; तोवर लाकूड पत्र्याखाली, विटांवर रचून ठेवले आहे.