घरातील शाळा आणि घराबाहेरची वाट

शाळेत न जाता घरी राहून शिकणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींसाठी ऑनलाइन शाळा हा पर्याय आता प्रत्यक्षात आला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने २०२१ मध्ये आभासी मुक्त विद्यालय सुरू केले आणि २०२२ मध्ये दिल्ली सरकारने नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आभासी शाळा उघडली. या पर्यायाची चर्चा बहुधा इंटरनेटचा वेग, शुल्क आणि प्रमाणपत्राची मान्यता या तीन मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे गौण नाहीत. तथापि भाषेच्या अभ्यासकाला त्यांहून मूलभूत वाटणारा एक प्रश्न या चर्चेत क्वचितच विचारला जातो. घरी बसून शिकणाऱ्या या मुलाचा संवाद कोणाशी होणार, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न एखाद्या प्रत्यक्ष गावात ठेवून पाहिला पाहिजे. भिवंडी-कल्याण रस्त्यावरील कोन हे असे एक गाव आहे. दुर्गाडीचा पूल ओलांडला की पलीकडे कल्याण. अलीकडे यंत्रमाग आणि गोदामांचा भिवंडी तालुका. या परिसरातील जुन्या कुटुंबांची भाषा आगरी. कामधंद्यासाठी आलेल्यांची हिंदी वा भोजपुरी. भिवंडी शहरात उर्दू आणि तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेली. अशा परिसरातील चौदा-पंधरा वर्षांचे मूल घरी एक भाषा बोलते, रस्त्यावर दुसरी ऐकते आणि पाठ्यपुस्तकात तिसरी वाचते. शाळेत या तिन्ही भाषांची रोज गाठ पडते. ऑनलाइन शाळेत ती आपोआप पडत नाही.

येथे ‘घरी शिकणारे मूल’ या शब्दप्रयोगात दडलेला भेद उघड केला पाहिजे. काही पालक विचारपूर्वक गृहशिक्षण निवडतात. त्यांच्याकडे पुस्तके असतात, वेळ असतो, शंका विचारण्यासाठी माणसे असतात. दुसरीकडे अनेक मुले घरी असतात ती कोणी निवड केली म्हणून नव्हे. धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून, लांबच्या शाळेत मुलीला एकटी कशी पाठवायची म्हणून, किंवा हाताला काम मिळाले म्हणून त्यांची शाळा सुटलेली असते. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. परंतु त्याचे संरक्षण सहा ते चौदा या वयोगटापुरते आहे. म्हणजे आपण ज्या किशोरवयाविषयी बोलत आहोत, नेमके तेथेच त्या कायद्याचा हात सुटतो. ‘मोबाइलवर शाळा आहे, घरीच शीक’ हे वाक्य पहिल्या घरात सोय ठरते. दुसऱ्या घरात तेच वाक्य मुलीला घरी ठेवण्याची सबब ठरू शकते.

याचा अर्थ मुक्त शिक्षणाच्या वाटा निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. या स्तरावर मराठी माध्यम उपलब्ध आहे. नोंदणी पाच वर्षे वैध राहते आणि त्या काळात एकेक विषय सोडवत पुढे जाता येते. आपल्या राज्य मंडळाचा १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावी-बारावी झालेली माणसे तर प्रत्येक गावात सापडतील. या परीक्षांना तुच्छ लेखणारांनी २०१६ ची एक घटना आठवावी. शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या एका मुलीला माहितीशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीचे दार मात्र बारावीच्या प्रमाणपत्राअभावी तिला बंद होते. असामान्य बुद्धीच्या मुलीची ही गत, तर सामान्य मुलाने प्रमाणपत्राचा आधार सोडणे शहाणपणाचे नाही.

पण प्रमाणपत्र आणि शिक्षण यांत अंतर उरते, आणि ते अंतर भाषेचे असते. कॅनडातील भाषाभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये दैनंदिन संभाषणाची भाषा आणि अध्ययनाची भाषा यांत भेद केला. पहिली भाषा मूल वावरता वावरता शिकते. दुसरीत कारण सांगायचे असते, तुलना करायची असते, समोर नसलेल्या गोष्टीविषयी नेमकेपणाने लिहायचे असते. ती आत्मसात व्हायला अनेक वर्षे लागतात. आगरी बोलणारे मूल ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणते, ही त्याची उणीव नव्हे. ती त्याच्या बोलीची नियमबद्ध ध्वनिव्यवस्था आहे. त्या बोलीत विचार करणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत युक्तिवाद मांडता यावा, यासाठी त्याचे बोलणे ऐकून घेणारे, त्याला ‘असे का म्हणतोस?’ असे विचारणारे आणि त्याने लिहिलेले वाचून परत देणारे माणूस लागते. ध्वनिमुद्रित पाठ बोलतो, ऐकत नाही. विद्यार्थी अडखळला हे त्याला कळत नाही, आणि अडखळण्याची जागा हीच तर शिकवण्याची जागा असते.

घरच्या शिक्षणाचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही दाखवणारे उदाहरण कोनच्या समोरच, खाडीपलीकडे सापडते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ मध्ये कल्याणचा. त्यांच्या शिक्षणाचा मोठा भाग घरीच, पती गोपाळराव यांच्या हाताखाली झाला. ते शिक्षण त्यांना घराबाहेर, समुद्रापार घेऊन गेले आणि १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. परंतु त्या शिकवण्यात धाक आणि मारही होता, हे त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते. शिक्षक आणि घरचा सत्ताधारी ही एकच व्यक्ती असली की विद्यार्थिनीला दाद मागायला जागा उरत नाही. आनंदीबाईंना अशी दुसरी जागा मिळाली ती टपालातून. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी १८८० पासून झालेल्या पत्रव्यवहारात त्यांना घराबाहेरचे, विचारणारे आणि उत्तर देणारे माणूस भेटले. साधन महिन्या-महिन्याच्या अंतराने येणाऱ्या पत्राचे होते. तरी दोन्ही टोकांना माणसे होती.

म्हणून माझे मत असे आहे की घरच्या शिक्षणाची कसोटी ते मुलाला घराबाहेर नेते की नाही, ही असली पाहिजे. आणि ऑनलाइन शाळेलाही हीच कसोटी लावावी. पालकांनी व संस्थांनी त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाला आठवड्यातून निदान एकदा आपल्या वयाच्या मुलांसमवेत, शिक्षकाच्या उपस्थितीत बोलण्याची संधी आहे का? त्याचे लेखन कुटुंबाबाहेरची कोणी व्यक्ती वाचून, दुरुस्तीसह परत देते का? आणि घरात घडणाऱ्या अन्यायाविषयी ज्याच्याशी बोलता येईल असा एखादा प्रौढ त्याच्या ओळखीचा आहे का? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर पडद्यावरची शाळा ही शाळाच आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर उत्तमातले उत्तम ॲपही ती उणीव भरून काढणार नाही.

यावर आक्षेप असा घेतला जातो की शाळेतही सर्व मुलांना बोलायला मिळते कुठे? साठ मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरचे मूल वर्षभर मुकेच राहते. आक्षेप खरा आहे. मात्र मुकेपण वर्गात आहे म्हणून ते घरी नेऊन पक्के करावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय त्या मागच्या बाकावर शेजारी दुसरे मूल असते, आणि मधल्या सुट्टीत ते बोलते.

मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना हे निराळे सांगायला नको. नोकरी, घरकाम आणि संसार सांभाळून आपण ही पुस्तिका एकट्याने वाचता. तरीही अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात एखादी शंका बोलून दाखवल्यावर जे उलगडते, ते चार वेळा वाचूनही उलगडलेले नसते. हा अनुभव जवळ असलेल्या माणसांची कोनसारख्या गावांना गरज आहे. आपल्या आळीत घरी शिकणारी वा शाळा सुटलेली एखादी मुलगी असेल, तर रविवारी तासभर तिच्याबरोबर बसावे, तिने लिहिलेले वाचावे, तिला प्रश्न विचारावेत आणि तिची बोली न हसता ऐकावी. मराठीच्या पदवीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.