माला-डी गरम, आणि सणाची गोळी थंड?



गेल्या रविवारच्या पुरवणीत गर्भनिरोधक गोळ्यांच्या दुष्परिणामांवर लेख आला होता. रक्तात गुठळी होण्याचा धोका त्यात ठळकपणे मांडला आहे आणि तो खरा आहे. पण सगळा रोख माला-डीसारख्या गोळ्यांवर. सध्याच्या दिवसांत गावोगावच्या मेडिकलमधून जी दुसरी गोळी खपते, तिचे नावही लेखात नाही. सत्तावीस वर्षे औषधांच्या काउंटरमागे काढली आहेत, म्हणून लिहिते.

गौरी-गणपतीच्या आठवडाभर आधीपासून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना गिऱ्हाईक सुरू होते. घ्यायला येतो बहुधा नवरा, नाहीतर शाळकरी मुलगा. हातात गेल्या वर्षीची रिकामी स्ट्रिप. ‘‘हीच द्या, आईने सांगितलंय.’’ गोळी जिच्या पोटात जायची ती बाई दुकानात नसतेच, मग तिचे वय, रक्तदाब, अर्धशिशी विचारायची कोणाला? चिठ्ठीवर द्यायचे औषध, पण चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. मीही नेहमी मागितली असे नाही, हे कबूल करते. आणि याच घरातल्या सुनेने दोन मुलांत अंतर ठेवायला माला-डी घेते म्हटले, तर उत्तर ठरलेले : ‘‘नको गं बाई, गरम पडतात त्या. पुढे दिवस राहत नाहीत.’’

गंमत अशी की दोन्ही गोळ्या शरीरात बऱ्याच अंशी एकाच जागी जाऊन पोहोचतात. माला-डीच्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्राडायोल असते. हे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहोफेन आणि होलवेग यांनी तयार केले. नैसर्गिक इस्ट्राडायोल तोंडाने घेतले तर आतडे आणि यकृत त्यातले बहुतेक वाटेतच निकामी करतात. त्याला एथिनिल गटाची जोड दिली आणि ते टिकू लागले. पण जे यकृताला सहज मोडत नाही, ते यकृतावर कामही जास्त करते : रक्त गोठवणारे घटक वाढतात, गोठणे आवरणारे प्रोटीन एस कमी होते. गुठळीचे मूळ तिथे आहे.

पाळी लांबवायची गोळी म्हणजे नोरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम, सहसा दिवसातून तीनदा. स्ट्रिपवर इस्ट्रोजेनचा उल्लेख नाही, कारण गोळीत ते नसतेच. पण पोटात गेलेल्या नोरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीर स्वतःच एथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलते. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले, तर ते साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीइतके भरते. म्हणजे ज्या बाईला माला-डी चालत नाही, तिला ही गोळीही डोळे मिटून देता येत नाही.

भीती घालायची नाही. गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना गुठळी होते. माला-डीतल्या मिश्रणाच्या गोळ्या घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात धोका याहून जास्त असतो आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत तर सर्वांत जास्त. म्हणून माला-डीला बदनाम करणारा लेख मला अर्धवट वाटला. पण ज्या बाईला आधी गुठळी झाली आहे, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा येऊन डोके दुखते, बीपी वाढलेले आहे किंवा नुकतीच बाळंत झाली आहे, तिच्यासाठी हा हिशेब बदलतो. त्यात मुंबईहून कोकणात जाताना बारा-चौदा तास एसटीत पाय लोंबकळत बसणे आलेच. प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, धाप लागली किंवा कधी नव्हे असे डोके दुखू लागले, तर ‘सणाची दगदग’ म्हणून बाम चोळत बसू नये.

पहिली गर्भनिरोधक गोळी, एनोव्हिड, अमेरिकेत १९६० मध्ये मान्य झाली, तेव्हा तिच्यात १५० मायक्रोग्रॅम मेस्ट्रॅनॉल होते, जे यकृतात एथिनिल इस्ट्राडायोल होते. मात्रा उतरली ती तक्रारी झाल्यावर. १९७० मध्ये तिथल्या सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर झालेल्या सुनावणीत गोळी घेणाऱ्या एकाही बाईची साक्ष नाही, म्हणून प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उठून आरडाओरडा केला. त्याच वर्षी तिथल्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालणे भाग पडले.

आपल्याकडच्या सणाच्या गोळीसाठी आरडाओरडा कोण करणार? ती घेतल्याचे कोणी उघड सांगतच नाही. गोळीवर बंदी मला नको आहे. पाकिटात मराठीत चार ओळी असाव्यात आणि गोळी देण्याआधी दुकानात किंवा दवाखान्यात त्या बाईचे बीपी बघितले जावे, एवढेच मागते. इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनही उपलब्ध आहे. धोका असलेल्या बाईने त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि जी आधीच माला-डी घेते तिला वेगळ्या गोळ्या कशाला? पाकिटातल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या सोडून पुढचे पाकीट लगेच सुरू केले, की पाळी लांबते.

पाळीने गौरी बाटतात का, यावर माझे मत वेगळे आहे, पण तो वाद आज नको. माझा प्रश्न सासूबाईंना आहे आणि आपल्या लेखिकेलाही : बाईला स्वतःसाठी हवी तेव्हा गोळी गरम, आणि घराला हवी तेव्हा थंड, हे कोणी ठरवले?

एक निवृत्त औषध दुकानदार, सातारा