लेकराची किंमत लिलावात ठरत नसते

"काय झालं हो त्या तुळजापूरच्या पोराचं? आता टीव्हीवर दिसतच नाही!" राजवर्धन हंगरगेकरचा विषय निघाला की आपल्याकडे हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या सुरात काळजी कमी आणि 'संपलं वाटतं' हा भाव जास्त असतो. मैत्रिणींनो, मला या सुराबद्दलच बोलायचंय. कारण तो क्रिकेटपुरता राहत नाही, आपल्या स्वयंपाकघरातही ऐकू येतो.

आधी त्या पोराचा प्रवास बघू. कोजागिरीला लातूरहून माणसं चालत जातात, ते हे तुळजापूर. २०२० मध्ये कोरोनाने त्याचे वडील गेले. कर्ता माणूस गेला की घरात सगळ्यात आधी काय बंद होतं? लेकरांचा खेळ. इथे तो बंद झाला नाही. २०२२ च्या सुरुवातीला वेस्ट इंडिजमध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. आयर्लंडविरुद्ध त्याने १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा फटकावल्या, त्यात पाच षटकार. वेगवान गोलंदाजी होतीच. आपण विश्वचषक जिंकला आणि आठवडाभरातच आयपीएलच्या लिलावात ३० लाखांच्या मूळ किमतीवरून चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. केवढं कौतुक झालं तेव्हा!

पहिला सामना मिळायला मात्र ३१ मार्च २०२३ उजाडलं. अहमदाबादला गुजरातविरुद्ध त्याने ३६ धावांत तीन बळी घेतले. त्या मोसमात तो दोनच सामने खेळला. जुलैमध्ये कोलंबोत उदयोन्मुख खेळाडूंच्या आशिया चषकात पाकिस्तान 'अ' संघाविरुद्ध ४२ धावांत पाच बळी! पण आयपीएलमध्ये पुढचं वर्ष बाहेर बसण्यात गेलं आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौने त्याला ३० लाखांना घेतलं. लोकांच्या लक्षात काय राहिलं? दीड कोटीचे तीस लाख झाले, एवढंच. कोलंबोचे पाच बळी कुणालाच आठवत नाहीत.

खरं तर अष्टपैलूचं काम सोपं नाही. त्याला दोन विद्या सांभाळायच्या असतात आणि दोन्हींत त्याची तुलना त्या त्या कामातल्या वाकबगारांशी होते. त्यात वेगवान गोलंदाजी म्हणजे पाठ-गुडघ्यांवर भार. शिवाय २०२३ पासून आयपीएलमध्ये सामना चालू असताना एक खेळाडू बदलायची मुभा आली. गोलंदाज काढून फलंदाज आणता येतो, मग दोन्ही थोडंथोडं करणारा नवखा मुलगा कशाला हवा? म्हणजे संधी न मिळण्यात प्रत्येक वेळी त्या लेकराचाच दोष असतो असं नाही.

आपल्याच मराठवाड्यातलं दुसरं उदाहरण घ्या. बीडला जन्मलेल्या संजय बांगरला भारताची कसोटी टोपी मिळाली २००१ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी! आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये लीड्सला अवघड खेळपट्टीवर सलामीला येऊन त्याने ६८ धावा काढल्या. द्रविडबरोबरची ती १७० धावांची भागी जाणकार अजून सांगतात. तो कसोटी सामना आपण जिंकला. पंचविशीतच कुणी त्याला 'संपला' म्हटलं असतं तर?

आता आपल्या घरात डोकवा. लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत पहाटेपासून पाठीवर दप्तर घेतलेली लेकरं दिसतात. त्यांचाही लिलावच चाललेला असतो. बोली लागते 'नीट'च्या ७२० मार्कांवर. मार्क पडले की पेढे, कमी पडले की "शेजारच्याचं बघ." बचत गटाच्या कामानिमित्त मी घरोघरी जाते. आठवीपर्यंत ग्राउंडवर असलेलं पोरगं नववीत गेलं की बॅट माळ्यावर गेलेली दिसते. विचारलं तर आई म्हणते, "दहावी झाल्यावर बघू." दहावीनंतर अकरावी, मग नीट, मग रिपीट. ते 'बघू' काही येत नाही.

आणि मुलींचं तर विचारूच नका. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा आपण सगळ्याजणी रात्री उशिरापर्यंत जागलो. दीप्ती शर्माने अंतिम सामन्यात ५८ धावा काढल्या, पाच बळी घेतले आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली. पण हीच दीप्ती २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अवघ्या नऊ धावांनी हरलेल्या संघातही होती. मधे आठ वर्षं गेली. तेवढी वर्षं आपण आपल्या लेकीला देतो का? संध्याकाळी सात वाजले की "घरी ये" म्हणतो, आणि भावाला मात्र "जेवायला ये" म्हणून निरोप धाडतो!

प्रत्येक लेकरू भारतासाठी खेळणार नाही, हे मलाही कळतं. डॉक्टर व्हावं असं वाटण्यात काही वाईट नाही. शिकल्याशिवाय आपल्या कोरडवाहू भागाला गत्यंतर नाही. पण अभ्यास हवा म्हणून दुसरं सगळं खुडून टाकायचं, हे काही खरं नव्हे. रोज एक तास ग्राउंडचा ठेवा, मुलीसाठीसुद्धा. तिला एकटीला पाठवायची भीती वाटत असेल तर चौघी आया मिळून आळीपाळीने मैदानावर बसा. आपलंही तेवढंच चालणं होईल. आणि लेकरू हरून घरी आलं तर आधी ताट वाढा, निकाल मग विचारा.

राजवर्धनचं पुढे काय होईल ते त्याचा खेळ ठरवेल. पण पुन्हा कुणी "त्या पोराचं काय झालं हो?" असं विचारलं, तर मैत्रिणींनो, एवढंच सांगा, "खेळतोय की! वेळ लागतो."