यहुदाला कोठे बसवायचे?

आमच्या बहुतेक घरांत जेवणाच्या मेजामागे 'शेवटच्या भोजना'चे चित्र असते. कुणाच्या लग्नात भेट आलेले, कुणी माऊंट मेरीच्या जत्रेतून आणलेले. त्याच्यासमोर आम्ही रोज जेवतो आणि त्याच्याकडे कधी पाहत नाही. एखादे मूल विचारते, "यातला यहुदा कोणता?" आम्ही बोट दाखवितो, पैशांची पिशवी आवळून बसलेला तो. झाले, चित्र पाहून संपले! या सवयीविरुद्ध आज आम्हांला लिहावयाचे आहे.

मूळ चित्र लिओनार्दो दा विंची याने सुमारे 1495 ते 1498 या काळात, मिलान शहरातील डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर काढले. त्यापूर्वीच्या चित्रकारांचा एक सोयीचा प्रघात होता. फ्लॉरेन्समध्ये कास्तान्योने आणि 1480 साली गिर्लांदायोने काढलेली भोजने पाहावीत. येशू व अकरा शिष्य मेजाच्या एका बाजूस आणि यहुदा एकटाच समोरच्या बाजूस. पापी कोण, हे पाहणाऱ्याला शोधावेच लागत नाही. बसण्याच्या जागेनेच त्याचा निवाडा झालेला असतो.

लिओनार्दोने तो प्रघात मोडला. त्याने यहुदाला उचलून इतरांच्याच रांगेत, पेत्र व योहान यांच्या सोबत बसविले. त्याचा अपराध मात्र झाकला नाही. चेहऱ्यावर सावली आहे, मुठीत पिशवी आहे. परंतु त्याचा दुसरा हात आणि प्रभूचा हात एकाच ताटाकडे निघाले आहेत. त्याच्या पाठीमागे पेत्राच्या हातात सुरी आहे. विश्वासघातक्याला शोधून काढण्यास सर्वांत उतावीळ झालेला हाच पेत्र, कोंबडा आरवण्यापूर्वी प्रभूला तीनदा नाकारणार आहे.

आपल्यापैकी एकजण विश्वासघात करील, हे शब्द प्रभूच्या मुखातून नुकतेच बाहेर पडले आहेत. मत्तयच्या शुभवर्तमानात त्यावर शिष्य एकमेकांकडे बोट दाखवीत नाहीत. प्रत्येकजण स्वतःविषयीच विचारतो. चित्रातील फिलिपाकडे पाहा. त्याचे दोन्ही हात स्वतःच्याच छातीकडे वळले आहेत. आमचे बोट मात्र थेट यहुदाकडे जाते!

2003 साली 'द दा विंची कोड' या कादंबरीने योहानाच्या जागी मग्दालिया मरिया बसविली, तेव्हा आम्ही संतापलो. तरुण, दाढी नसलेला योहान रंगविण्याची रीत त्या काळी रूढच होती, हे उत्तर योग्यच होते. पण आमचा खेळ तरी त्याहून निराळा होता काय? त्यांनी एक चेहरा हुडकला, आम्ही दुसरा. प्रभू काय विचारतो आहे, हे दोघांनीही ऐकले नाही.

कोणी म्हणेल, "मग विश्वासघाताला विश्वासघात म्हणायचेच नाही काय?" अवश्य म्हणावे. चित्रकारानेही म्हटले आहे. त्याने नाकारली आहे ती फक्त एक गोष्ट : यहुदाला मेजाच्या पलीकडे बसवून आपण निर्दोष ठरण्याची सोय.

ती सोय आम्ही आमच्या घरांत पुन्हा करून घेतली आहे. वाडीच्या वाटणीवरून कोर्टात गेलेला सख्खा भाऊ नाताळलाही या मेजावर येत नाही. परधर्मीयाशी लग्न केलेल्या मुलीचे ताट मांडले जात नाही. तिच्या रिकाम्या खुर्चीमागे भिंतीवर प्रभू मात्र यहुदासह जेवतो आहे.

1652 साली त्या भोजनगृहात दारासाठी भिंत फोडली गेली आणि त्यात चित्रातील येशूचे पाय नाहीसे झाले. ज्या रात्री त्याने शिष्यांचे पाय धुतले, त्या रात्रीच्या चित्रातले त्याचेच पाय! चित्रासमोर रोज जेवणाऱ्यांना चित्र दिसेनासे झाले की असेच घडते.

येत्या पवित्र गुरुवारी मिस्साहून घरी परतल्यावर ते चित्र खाली काढावे, त्यावरची धूळ पुसावी आणि मुलांना यहुदा दाखविण्यापूर्वी शिष्यांचा तो प्रश्न आम्ही आम्हांलाच विचारावा. मग जेवणापूर्वी त्या भावाच्या घरी निरोप धाडावा.