हवाई अंतर जवळचे, प्रवास मात्र लांबचा

चुडावा (जि. परभणी) : पूर्णा आणि नांदेडदरम्यानच्या लोहमार्गावरील चुडावा गावापासून नांदेडचा विमानतळ पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वा विभागीय आयुक्तालयातील कामासाठी मात्र येथील माणसाला छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) गाठावे लागते. तेथेही विमानतळ आहे. मग ही दोन शहरे हवाई मार्गाने का जोडू नयेत, असा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो.

या दोन विमानतळांतील सरळ रेषेतील अंतर सुमारे २१५ किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर विमानाला ते कापण्यास जेमतेम २६ मिनिटे लागावीत. परंतु धावपट्टीवरील धाव, उड्डाण, उंची गाठणे आणि उतरणे धरता वेळापत्रकात पाऊण तास मांडावा लागेल. शिवाय विमानतळावर तासभर आधी पोहोचणे, तपासणी आणि दोन्हीकडचा रस्ता! हा हिशेब तीन तासांवर जातो. रेल्वेने हाच प्रवास साधारण चार तासांत होतो, आणि तोही कितीतरी कमी भाड्यात. तासाभराच्या बचतीसाठी रोज विमान भरेल, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे.

अंतर वाढले की हे गणित उलटते. नांदेड-मुंबई हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर आहे. लोहमार्गाने ते ६०० किलोमीटरहून अधिक भरते. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आलेल्या वंदे भारत गाडीलाही त्यासाठी साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. मुंबईच्या रुग्णालयात तातडीने जाणाऱ्या रुग्णासाठी विमान ही चैन नव्हे, तर गरज ठरते.

तथापि, वेगापेक्षा महत्त्वाचे आहे ते सातत्य. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील पहिल्या सेवांमध्ये नांदेड-हैदराबाद मार्गाचा समावेश होता. या योजनेत तोटा भरून काढणारे अनुदान तीन वर्षांपुरतेच असते. ही सेवा देणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणे २०२२ मध्ये थांबली आणि नांदेडला पुन्हा नियमित विमान मिळण्यास मार्च २०२४ उजाडला. या काळात विमानतळ जागेवरच होता. विमान मात्र नव्हते.

यातून एकच निष्कर्ष निघतो. संभाजीनगरसाठी लोहमार्ग सक्षम करावा आणि विमानाचा आग्रह मुंबई, दिल्लीसारख्या दूरच्या शहरांसाठी धरावा. संभाजीनगर-परभणी या १७७ किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली आहे. ते काम वेळेत पूर्ण होणे हे चुडाव्याच्या प्रवाशासाठी अर्ध्या तासाच्या उड्डाणापेक्षा अधिक मोलाचे ठरेल.